कुंपणच शेत खातंय! पॉवरशेल काढून टाकू का?

कारकून

नमस्कार मंडळी. मी संगणकातला तज्ज्ञ नाही. आमच्या छोट्या ऑफिसात नऊ संगणक आहेत आणि 'ह्याला थोडंफार कळतं' अशी माझी अफवा पसरलेली आहे, एवढंच.

सोमवारी सकाळी एका सहकाऱ्याच्या संगणकावर अँटिव्हायरसने लाल चौकट दाखवली. पॉवरशेलचं वर्तन संशयास्पद वाटलं म्हणून थांबवलं, असा काहीसा मजकूर. मी ती फाईल शोधली. सिस्टम३२ मध्ये, जिथे असायला हवी तिथेच. मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही आहे. एकाच वेळी बऱ्याच अँटिव्हायरसांकडून तपासून देणारी साइट असते तिथे चढवली, तर एकानेही बोट दाखवलं नाही. मग रात्रभर पूर्ण स्कॅन लावला. काही सापडलं नाही. मंगळवारी त्याच सुमाराला तीच चौकट पुन्हा हजर!

तर प्रश्न असा, की हे पॉवरशेल व्हायरस आहे की नाही? नसेल तर अँटिव्हायरस ओरडतो कशाला? आणि आमच्याकडे कुणीच ते वापरत नाही, तर नऊच्या नऊ संगणकांवरून उडवून टाकलं तर काय बिघडेल?

गुळगुळीत_दगड

सुरीने भाजीही चिरता येते आणि... असो. बाकीचं तुम्हाला माहीत आहेच.

शंकासुर

मी मनातल्या मनात पैज लावली होती की तिसऱ्या प्रतिसादाच्या आत सुरी येणार. पहिल्यातच आली.

कारकून, उडवू नका. निदान दोन दिवस थांबा. आता 'रात्रपाळी' उगवतील आणि निबंध लिहितील.

रात्रपाळी

उगवलो. :)

माझं कामच हे आहे. रात्रभर असल्याच लाल चौकटी बघत बसतो. त्यातल्या बहुतेक फुसक्या निघतात, आणि एखादी झोप उडवते.

पॉवरशेल व्हायरस नाही. आज्ञा लिहून विंडोजकडून कामं करून घ्यायचं ते साधन. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ते आणलं ते ऍडमिन, म्हणजे संगणकांची व्यवस्था बघणाऱ्या लोकांसाठी. शंभर संगणकांवर एकच सेटिंग बदलायचं तर शंभर ठिकाणी माऊस कोण फिरवणार? एक आज्ञा लिहायची, सगळीकडे चालवायची. आता हेच वाक्य चोराच्या बाजूने वाचा.

पूर्वी घुसखोर आपली हत्यारं सोबत घेऊन यायचा, म्हणजे स्वतःची ईएक्सई, थेट चालणारी प्रोग्रामची फाईल. ती फाईल अँटिव्हायरसच्या यादीत सापडली की खेळ संपला. मग त्याच्या लक्षात आलं की घरात सगळं आधीच आहे. फाईल उतरवून घ्यायची आहे? सर्टयुटिल आहे. ते बनवलं प्रमाणपत्रं सांभाळायला, पण त्याला इंटरनेटवरून फाईलही आणता येते. मागच्या मागे हळूहळू डाउनलोड हवंय? बिट्सॲडमिन आहे. वेबपानासारखी दिसणारी पण प्रोग्रामसारखी वागणारी फाईल चालवायची आहे? एमएसएचटीए आहे. डीएलएलमधला (म्हणजे प्रोग्राम वाटून वापरतात त्या कोडच्या फाईलमधला) एखादाच तुकडा चालवायला रनडीएलएल३२. प्रत्येकावर मायक्रोसॉफ्टची सही. आमच्या धंद्यात याला 'लिव्हिंग ऑफ द लँड' म्हणतात. २०१३ च्या डर्बीकॉन परिषदेतल्या एका व्याख्यानापासून हा शब्द रुळला. अशा प्रोग्रामांची लोलबास नावाची एक सार्वजनिक यादीच आहे. कोणाचा कसा गैरवापर होतो ते त्यात नोंदवलेलं असतं. आम्हीही ती वाचतो आणि चोरही वाचतात.

तेव्हा तुम्ही तपासलंत ते बरोबर, पण चुकीची गोष्ट तपासलीत. फाईल स्वच्छच असणार. पॉवरशेलला *उठवलं कुणी* आणि *सांगितलं काय*, हे बघायला हवं. ऍडमिनने उघडलेल्या खिडकीतून चाललं तर ठीक. वर्डच्या पोटातून पॉवरशेल जन्माला आलं, आणि वर त्याची खिडकी लपवलेली, आज्ञा सांकेतिक लिपीत गुंडाळलेली, असं असेल तर मी खुर्चीत सरळ बसतो. पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रामला पॉवरशेलशी काय देणंघेणं?

दोन्ही दिवशी चौकट साधारण एकाच वेळी आली म्हणालात. टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं साधन, उघडा आणि त्या वेळेला काय लावलेलं आहे ते बघा. तोवर तो संगणक नेटवर्कवरून काढून ठेवा.

मधुरा१७

रात्रपाळी, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

जुनापुराणा

यात नवीन काही नाही हो. नाव तेवढं नवीन.

मार्च १९९९. मेलिसा. वर्डचं मॅक्रो. मॅक्रो ही वर्डचीच सोय, रोजची तीच तीच कामं आपोआप व्हावीत म्हणून दिलेली. मेलिसाने ती वापरली आणि आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवून दिलं. मेल पाठवणारं आउटलुक, पत्ते आउटलुकचे, कागद वर्डचा. व्हायरसने स्वतः काय आणलं, तर फक्त दुष्ट बुद्धी.

मग मे २००० मध्ये प्रेमपत्र आलं. आय लव्ह यू. फाईलच्या नावात आधी टीएक्सटी आणि मग व्हीबीएस. विंडोज ओळखीची शेपटी लपवतं, त्यामुळे लोकांना दिसायचं टीएक्सटी. लोकांना वाटलं साधा मजकूर आहे, उघडला, आणि चालली व्हीबीस्क्रिप्ट. तीही विंडोजचीच. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. आमच्या साहेबांनी ते पत्र तीन वेळा उघडलं, कारण 'आत काहीच दिसत नव्हतं'. मेलचा सर्व्हर आडवा. साहेबांकडून सगळ्या कचेरीला प्रेमपत्र गेलं होतं, त्यातल्या काहींनी म्हणे छापून ठेवलं.

आणि इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधली मॅक्रो मुळातच बंद ठेवायला मायक्रोसॉफ्टला २०२२ साल उजाडलं. २३ वर्षं!

शंकासुर

तीन वेळा :D :D

लिनक्सवेडा

म्हणून म्हणतो, लिनक्स घ्या. हा धागा इथेच संपतो.

टिकाऊ_खिळा

लिनक्सवेडा, धागा नाही संपत. तुमच्याकडे आज्ञा चालवायला बॅश आहे, फायली उतरवायला कर्ल आहे, ठरल्या वेळी कामं चालवायला क्रॉन आहे. घुसलेल्याला अजून काय लागतं? तुमचीही अशीच यादी आहे, जीटीएफओबिन्स नावाची. आणि एक्सझेड विसरलात का?

लिनक्सवेडा

विसरलो नाही. उलट एक्सझेड हा आमचा अभिमानाचा किस्सा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक्सझेड ही फायली आवळून लहान करणारी छोटी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. तिची देखभाल एकच माणूस मोकळ्या वेळात करत होता. 'जिआ टॅन' नावाने कुणीतरी दोन-एक वर्षं मदत करत करत विश्वास कमावला, सूत्रं हातात घेतली आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला जाणवलं की एसएसएचने (लांबून दुसऱ्या संगणकात शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तो त्याच्या मागे लागला आणि सगळं उघडकीला आणलं. कोड उघडा होता म्हणून सापडलं.

टिकाऊ_खिळा

तो अभियंता मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता, हे सांगायचं राहिलं वाटतं. ;)

लिनक्सवेडा

😑

शंकासुर

माझा आक्षेप आहे. दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय.

कारकूनांच्या बाबतीत पॉवरशेल जसंच्या तसं आहे. त्यात कुणी काही मिसळलेलं नाही, फक्त वापर वाईट. एक्सझेडमध्ये सॉफ्टवेअरच विषारी केलं. पहिल्यात सही खरी आणि मालही खरा. दुसऱ्यात वेष्टन खरं, माल भेसळीचा. दोन्हींवर उपाय वेगळे. पहिल्यासाठी वागणुकीवर नजर हवी, दुसऱ्यासाठी बनवणाऱ्याच्या घरात डोकावायला हवं. एका टोपलीत टाकलं की चर्चा भरकटते.

रात्रपाळी

मुद्दा मान्य, पण घुसखोर तुमच्या टोपल्या पाळत नाही. एकच उदाहरण देतो.

२७ जून २०१७, नॉटपेट्या. एम.ई.डॉक हे युक्रेनमधलं हिशेब आणि करभरणीचं सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेटच्या वाटेनेच हल्लेखोर आत आले. ही तुमची दुसरी टोपली. आत आल्यावर पसरण्यासाठी एनएसए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेकडून फुटलेली इटर्नलब्लू ही युक्ती वापरलीच, पण तिचं भोक बुजवलेल्या संगणकांचं काय? तिथे संगणकाच्या आठवणीतून पासवर्ड उचलायचे आणि पीएसएक्झेक व डब्ल्यूएमआय वापरून शेजारच्या संगणकावर जायचं. पीएसएक्झेक हे मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्समधलं नावाजलेलं ऍडमिनचं हत्यार, आणि संगणक लांबून सांभाळायची डब्ल्यूएमआय ही सोय विंडोजमध्येच असते. ही तुमची पहिली टोपली. म्हणजे अपडेट वेळेवर करणारा शहाणा माणूसही बुडाला, कारण त्याच्या दारावर जी टकटक झाली ती त्याच्याच ऍडमिनच्या नावाने, ऍडमिनच्याच हत्याराने. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. दहा दिवसांत केले, ही गोष्ट वेगळी.

शंकासुर

हम्म. टोपल्या दोनच, पण एकीत दुसरी ठेवलेली. पुढे चालू द्या.

मधुरा१७

मी तांत्रिक नाही, पण घरात घडलेलं लिहिते.

बाबांना फोन आला. तुमचं खातं बंद पडणार आहे, मदत करतो, अमुक ॲप घ्या. ते ॲप अधिकृत स्टोअरवरचं. लांबून संगणक किंवा फोन दुरुस्त करायला लोक वापरतात ते. मी स्वतः बाबांच्या लॅपटॉपचा प्रिंटर त्याच जातीच्या ॲपने नीट करून दिला होता! त्यामुळे त्यांना ते ओळखीचं वाटलं. 'तुझंच ते,' म्हणाले. पलीकडच्या माणसाने नऊ आकडी नंबर विचारला, यांनी वाचून दाखवला. पुढचं काय सांगू.

सगळ्यात राग कशाचा आला असेल, तर फोनवरच्या सुरक्षेच्या ॲपवर शेवटपर्यंत 'आपला फोन सुरक्षित आहे' असं हिरवं लिहिलेलं होतं.

रात्रपाळी

मधुराताई, वाईट वाटलं वाचून. ते हिरवं खोटं नव्हतं, हीच अडचण आहे. व्हायरस नव्हताच तिथे. मोठ्या टोळ्यासुद्धा आत शिरल्यावर हीच लांबून चालवायची ॲपं बसवून ठेवतात, कारण ऑफिसांत ती आधीच असतात आणि कुणी दचकत नाही.

फोनवर आणखी एक सांभाळा. अँड्रॉइडमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी असते. ज्यांना दिसत नाही किंवा बोटं नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी ॲप पडद्यावरचं वाचून दाखवतं, बटणं दाबून देतं. बँकेवर डोळा असलेली ट्रोजनं, म्हणजे साळसूद वेषातली घातक ॲपं, नेमकी हीच परवानगी मागतात. पडदा वाचायला मिळाला आणि बटण दाबायला मिळालं की आणखी काय हवं? टॉर्चचं ॲप ही परवानगी मागत असेल तर त्याला घरी पाठवा.

टिकाऊ_खिळा

माझ्या प्रांतातलं सांगतो. गेन्शिन इम्पॅक्ट खेळणारे कोण कोण आहेत इथे?

त्या खेळात लबाडी पकडण्यासाठी एक ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमध्ये, थेट गाभाऱ्यात प्रवेश. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने दाखवलं की रॅन्समवेअरवाले, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे, हा ड्रायव्हर वापरून अँटिव्हायरस ठार करतात. मजा अशी, की ज्याच्या संगणकावर हल्ला झाला त्याने खेळ कधी खेळलेला असण्याचीही गरज नाही. चोर ड्रायव्हर स्वतःच घेऊन येतो. सही खरी असल्यामुळे विंडोज त्याला आत घेतं, आणि त्यातल्या जुन्या त्रुटीचा फायदा घेऊन तो आतून पहारेकऱ्याचा गळा दाबतो. याआधी २०२० मध्ये रॉबिनहूड नावाच्या रॅन्समवेअरने गिगाबाइटच्या जुन्या ड्रायव्हरबरोबर हेच केलं होतं.

आता विंडोज ११ मध्ये असल्या बदनाम ड्रायव्हरांची काळी यादी आपोआप चालू असते. सेटिंगमध्ये 'कोअर आयसोलेशन' खाली बघा, बंद असेल तर चालू करा.

गुळगुळीत_दगड

म्हणजे लबाडी पकडणाऱ्याच्याच हातून पहारेकऱ्याचा खून. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ऐकलं होतं, इथे चोर किल्ल्या घरून घेऊन येतो आणि आपलं कुलूप त्यांना सलाम ठोकतं.

रात्रपाळी

कुलपावरून आठवलं. २०२४ मध्ये कॅस्परस्कीने श्रिंकलॉकर नावाचं प्रकरण उघड केलं. त्याने कुलूपसुद्धा स्वतःचं आणलं नाही. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचंच बिटलॉकर लावलं आणि किल्ली घेऊन पळाला.

पाटीपेन्सिल

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. दुसरी बाजूही ऐका.

मी एकटा बसून छोटी सॉफ्टवेअरं बनवतो. माझा एक प्रोग्राम रोज रात्री फायलींची नक्कल करून ठेवतो आणि त्यासाठी पॉवरशेल बोलावतो. गेल्या वर्षी एका अँटिव्हायरसने अपडेट घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझा प्रोग्राम सगळ्या गिऱ्हाइकांकडे 'धोकादायक' ठरला. कंपनीला सहा मेल लिहिले. अकराव्या दिवशी उत्तर आलं, 'आता ठीक आहे.' ना क्षमा, ना कारण. तोवर दोन गिऱ्हाइकं गेली, त्यातल्या एकाने मला चोर म्हटलं.

तुम्ही सगळे 'वागणुकीवर नजर ठेवा' म्हणताय. पण बॅकअप घेणाऱ्याची वागणूक आणि रॅन्समवेअरची वागणूक यात फरक किती? दोघेही भराभर सगळ्या फायली उघडतात, वाचतात, नव्या लिहितात.

रात्रपाळी

पाटीपेन्सिल, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. खरंच. मी चौकट बंद करताना चुकलो तर कुणाच्या फायली जातात, आणि बंद नाही केली तर तुमच्यासारख्याचं नाव खराब होतं. कोड सही करून देता का? आणि आज्ञा सांकेतिक करून देत असाल तर तेवढं थांबवा. उघड्यावर लिहिलेली आज्ञा बघितली की आमच्या शंका निम्म्याने कमी होतात.

पाटीपेन्सिल

सही करतो. आज्ञा मात्र गुंडाळलेली होती, अवतरणचिन्हांची कटकट टाळायला. बदलतो.

शंकासुर

कारकूनांचा मूळ प्रश्न राहिलाच की. पॉवरशेल काढायचं की नाही? मी म्हणतो काढा. वापरत नाही ती खोली बंद ठेवावी.

रात्रपाळी

काढू नका. एक तर नुसती पॉवरशेलची ईएक्सई काढून उपयोग नाही. ते नुसतं दार आहे, खरं इंजिन एका डीएलएलमध्ये असतं आणि दुसरा प्रोग्राम ते परस्पर वापरू शकतो. दुसरं म्हणजे, या सगळ्या टोळक्यात नोंदवही सगळ्यांत चांगली ठेवणारं पॉवरशेलच आहे. आवृत्ती ५ पासून काय चाललं ते उलगडून नोंदवायची सोय आहे, गुंडाळलेली आज्ञाही उलगडलेली सापडते. ती नोंद चालू करा. ही वाट बंद केलीत तर चोर दिवा नसलेल्या गल्लीतून येईल. जुनी २.० आवृत्ती मात्र दिसली तर जरूर काढा, तिला या नोंदी माहीतच नाहीत म्हणून चोर मुद्दाम तिलाच उठवतात.

आणि शंकासुरांचं समाधान म्हणून: रोजच्या कामाच्या खात्याला ऍडमिनचे अधिकार देऊ नका. शिवाय जेएस, व्हीबीएस, एचटीए या शेपट्यांच्या फायलींना दोनदा टिचकी मारली की त्या नोटपॅडमध्ये उघडतील असं करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

शंकासुर

समाधान अर्धं झालं. नोंदवही वाचायला तुमच्यासारखा रात्री जागणारा हवा ना? नऊ संगणकांच्या ऑफिसात कोण वाचणार?

कारकून

कोण वाचणार, तर मी. वाचली.

उशीर झाला, माफी असावी. टास्क शेड्युलरमध्ये 'अपडेट' शब्द असलेलं एक काम सापडलं. रोज सकाळी १०:४० वाजता. ते पॉवरशेल उठवतं, खिडकी लपवून. आणि मजकूर कुठल्या फाईलमध्ये नव्हताच, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) एका नोंदीत भलीमोठी अगम्य ओळ होती, तिथून वाचायचं. म्हणून स्कॅन स्वच्छ!

सहकाऱ्याला विचारलं. आधी 'मी काहीच केलं नाही'. मग दोन तासांनी स्वतःहून आला. आदल्या शुक्रवारी कुठल्याशा साइटवर 'मी यंत्रमानव नाही' अशी खूण करायची होती. खूण केल्यावर सूचना आली, की खात्री करण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्याने केलं. म्हणाला, "माणूस असल्याचं सिद्ध करायचं होतं ना."

रात्रपाळी

क्लिकफिक्स. २०२४ पासून याचा सुळसुळाट आहे. साइट गुपचूप क्लिपबोर्डवर आज्ञा ठेवते आणि आपल्याच हाताने चालवून घेते. रजिस्ट्रीत लपायची तऱ्हा त्याहून जुनी, २०१४ च्या पोवेलिक्सपासूनची.

आता ते काम नुसतं पुसू नका. आणखी काय बसवलंय सांगता येत नाही. संगणक पुसून विंडोज नव्याने टाका. पासवर्ड *दुसऱ्या* संगणकावरून बदला, आणि सगळीकडून 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' करा. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे आपण लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी, गेल्या असतील तर चोराला पासवर्ड लागतच नाही. सहकाऱ्याला रागावू नका. दोन तासांनी का होईना, सांगितलं त्याने. तो गप्प बसला असता तर तुम्ही अजून स्कॅनच लावत बसला असता.

जुनापुराणा

आमच्या साहेबांनी अजून कबूल केलेलं नाही.

कारकून

शेवटची खबर देतो. तो संगणक नव्याने उभा केला, पासवर्ड बदलले. पॉवरशेल ठेवलं, नोंदी चालू केल्या. ऍडमिनचे अधिकार काढल्याबद्दल तीन जण माझ्याशी बोलत नाहीत.

नोटपॅडचा उपायही सगळीकडे केला. काल दुपारी शेवटच्या टेबलावरून हाक आली, "अहो, बिलाची फाईल उघडली तर नोटपॅडमध्ये काहीतरी रानटी अक्षरं येतायत." जाऊन बघितलं. मेलला जोडलेली जेएस फाईल. मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न, "ही फाईल खराब दिसतेय. तुमच्या संगणकावर उघडून बघता का?"

गुळगुळीत_दगड

मग? बघितलीत?